दुखणं थांबतं, पण पोटाचं काय?

कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन सुरू झालं की पहिले दोन दिवस घरात हायसं वाटतं. रात्रभर कण्हणारा माणूस शांत झोपतो, सकाळी उठून चहा मागतो, नातवंडांशी दोन शब्द बोलतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तक्रार बदलते. ‘पोट गच्च झालंय.’ ‘दोन घास खाल्ले की पुरे वाटतं.’ ‘चार दिवस झाले, संडासला झालेली नाही.’ मणक्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडोल घेणाऱ्यांकडून हेच ऐकू येतं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेणाऱ्यांकडूनही. घरची माणसं म्हणतात, पडून राहिल्यामुळे होतंय, जेवण कमी झालंय, पाणी पीत नाहीत. या गोष्टींचाही वाटा असतोच. पण मुख्य कारण त्या गोळीत असतं, आणि ते समजून घेतलं तर बराचसा त्रास सुरू होण्याआधीच टाळता येतो.

अफूच्या बोंडाच्या चिकातून मिळणारी मॉर्फिन आणि कोडीन, आणि त्यांच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत तयार झालेली ट्रॅमाडोल, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन, ऑक्सिकोडोन ही सगळी औषधं मिळून ओपिऑइड वर्ग होतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वर्गातली नाहीत. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जठराच्या अस्तराला जखमा होऊ शकतात. ओपिऑइड अस्तराला धक्का लावत नाहीत. ती आतड्याची चाल बिघडवतात.

ही चाल कोण सांभाळतं? अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं पसरलेलं आहे. या पेशी कोट्यवधी आहेत, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतात साधारण तितक्याच. भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आतला गोल आणि बाहेरचा उभा. त्या दोघांच्या मधोमध असलेलं जाळं एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. हालचालीचा कारभार त्याच्याकडे. अस्तराच्या लगत दुसरं जाळं आहे, माइसनर यांच्या नावाचं. आतड्यात पाणी आणि क्षार किती पाझरायचे हे मुख्यतः ते ठरवतं.

१८९९ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग करून एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली. आतड्यात कुठेही अन्नामुळे भिंत ताणली गेली, की त्या जागेच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा भाग सैल पडतो. बाहेरून येणाऱ्या नसा कापून टाकल्या तरी हे चालूच राहतं. अन्न पुढे ढकलणारी पेरिस्टाल्सिसची लाट म्हणतात ती हीच. तिच्यासाठी आवळणं आणि सैल पडणं ही दोन्ही कामं एकाच वेळी व्हावी लागतात. मागून कितीही दाब आला तरी पुढची वाट मोकळी नसेल तर अन्न सरकणार नाही. आवळण्याचा निरोप प्रामुख्यानं अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य स्नायूपर्यंत पोचवतं, सैल पडण्याचा निरोप नायट्रिक ऑक्साइड आणि त्याच्या जोडीची काही द्रव्यं.

जठरातही अशाच लाटा येतात, मिनिटाला साधारण तीन. त्या अन्न खालच्या टोकाकडे नेऊन घुसळतात. कण एक-दोन मिलिमीटरइतके बारीक झाले, की जठराच्या खालच्या तोंडाशी असलेलं स्नायूंचं कडं, म्हणजे पायलोरस, ते थोडं थोडं करून पुढे सोडतं. पोळी-भाजी, वरण-भाताचं साधं जेवण जठरातून बहुतांशी रिकामं व्हायला निरोगी माणसाला चारेक तास लागतात.

आता या साखळीत मॉर्फिन कुठे शिरतं ते पाहू. आतड्यातल्या मज्जापेशींवर ‘म्यू’ नावाचे रिसेप्टर असतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत वेदना दाबणारे रिसेप्टर हेच. मॉर्फिन त्यांना चिकटलं की पेशीत कॅल्शियम शिरणं कमी होतं, पोटॅशियम बाहेर जाणं वाढतं, पेशी मंदावते आणि तिच्या टोकाकडून निरोपाचं द्रव्य सुटत नाही. मज्जारज्जूत हे घडतं तेव्हा वेदनेचा निरोप वर पोचत नाही. आतड्यात घडतं तेव्हा आवळण्याचा आणि सैल पडण्याचा असे दोन्ही निरोप अडतात. क्रिया एकच आहे, जागा दोन आहेत. म्हणून बद्धकोष्ठाला या औषधाचा ‘दुष्परिणाम’ म्हणून बाजूला काढणं मला अपुरं वाटतं. औषध दोन्हीकडे आपलं तेच काम करत असतं.

मॉर्फिननं आतडं झोपी जातं, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. सैल पडण्याचा निरोप थांबला की गोल स्नायूवरचा धाक उठतो आणि तो जागच्या जागी आवळत राहतो. कवायतीतल्या कदमतालासारखी अवस्था होते, पाय जोरात आपटतात पण तुकडी पुढे सरकत नाही. रुग्ण सांगतो, ‘पोटात कळा येतात, पण काही होत नाही,’ ते शब्दशः खरं असतं. पायलोरस आवळलेलं राहतं, म्हणून जठर उशिरा रिकामं होतं. दोन घासांत पोट भरतं, करपट ढेकर येतात, कधी सकाळचं खाल्लेलं संध्याकाळच्या उलटीत दिसतं. पित्तनलिकेच्या तोंडाचं कडंही आवळतं आणि काहींना बरगडीखाली उजवीकडे कळ येते. सर्वांत शेवटी गुदद्वाराचं आतलं कडंही नीट सैल पडत नाही. बसून, कुंथूनही पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही ते त्यामुळे.

त्यात पाण्याचा हिशेबही बिघडतो. आपल्या आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातला आपण प्यालेला दोनेक लिटर. बाकीचा लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर. यातला जवळजवळ सगळा परत शोषला जातो आणि मळाबरोबर जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. ओपिऑइडमुळे पाझर कमी होतो. जो मळ असतो तो मोठ्या आतड्यात जास्त वेळ रेंगाळतो आणि तेवढा वेळ त्यातलं पाणी शोषलं जातच राहतं. शेवटी उरतात कोरडे खडे. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला चांगलाच आहे, पण एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही, कारण प्यालेलं पाणी वरच्या वरच शोषलं जातं.

हे सगळं ज्ञान ज्या साध्या प्रयोगातून आलं तो आपल्याकडच्या फार्मसी आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जुन्या विद्यार्थ्यांना चांगला आठवत असेल. गिनी पिगच्या लहान आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा दोऱ्यानं बांधून काचेच्या नळीत टांगलेला. नळीत टायरोडचं खारट द्रावण, भोवती कोमट पाणी, खालून हवेचे बुडबुडे. वरचा दोरा एका हलक्या तरफेला बांधलेला आणि तरफेचं टोक काजळी धरलेल्या, सावकाश फिरणाऱ्या ड्रमवर पांढरी रेघ ओढत असलेलं. द्रावणात अ‍ॅसिटिलकोलीन पडलं की तुकडा आवळायचा आणि रेघ वर उसळायची. शरीरापासून तोडलेला हा तुकडा नीट राखला तर तासन्‌तास काम देतो. आता बहुतेक ठिकाणी हा प्रयोग संगणकाच्या पडद्यावर करून दाखवतात.

१९१७ साली पाउल ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन औषधशास्त्रज्ञानं गिनी पिगच्या अशा आतड्यात थोडं द्रव भरून, दाब वाढवून लाट उठवून दाखवली, आणि मॉर्फिन घालताच ती लाट थांबते हेही दाखवलं. पण का थांबते? त्याचं उत्तर १९५७ साली विल्यम पॅटन यांनी दिलं. त्यांनी तुकड्याला विजेचे हलके झटके दिले, प्रत्येक झटक्याबरोबर सुटणारं अ‍ॅसिटिलकोलीन मोजलं, आणि मॉर्फिननं ते कमी होतं हे सिद्ध केलं. मॉर्फिन स्नायूला बधिर करत नव्हतं, स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूला गप्प करत होतं.

या तुकड्यानं पुढे आणखी मोठं काम केलं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला हान्स कोस्टरलिट्झ नावाचे शास्त्रज्ञ होते. हिटलरच्या काळात, १९३४ साली, जर्मनी सोडून ते तिथे आले होते. गिनी पिगच्या आतड्यावर एखादं द्रव्य मॉर्फिनसारखं वागतं का, याची चाचणी त्यांनी इतकी पक्की केली की नव्या वेदनाशामकांची पारख तिच्यावर होऊ लागली. १९७३ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी ओपिऑइड रिसेप्टर शोधल्याचं जाहीर केलं. त्यांनी मेंदूबरोबर गिनी पिगचं आतडंही तपासलं होतं. मग प्रश्न उभा राहिला, की माणसाच्या शरीरात अफूच्या चिकाला चिकटणारी जागा मुळात असेलच कशाला? शरीराचं स्वतःचं असं काहीतरी असणार. कोस्टरलिट्झ यांचे सहकारी जॉन ह्यूजेस कत्तलखान्यातून डुकरांचे मेंदू आणत, त्यांचा अर्क काढत आणि तो अशा जिवंत ऊतींच्या तुकड्यांवर लावून पाहत. १९७५ साली ह्यूजेस आणि कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतः बनवत असलेली दोन द्रव्यं ओळखली, त्यांना एन्केफॅलिन असं नाव पडलं. ही द्रव्यं आपल्या आतड्यातही असतात आणि रोज हालचालीला व पाझराला बेताबेतानं आवर घालतात. मॉर्फिन तेच काम करतं, पण चोवीस तास आणि कुठलाही बेत न ठेवता.

मेंदूतली वेदनेची यंत्रणा समजून घेण्याची वाट आतड्यातून गेली हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

खरं तर आतडं थांबवणं हाच अफूचा फार जुना उपयोग. शार्ङ्गधरसंहितेत अफूचा उल्लेख आहे, आणि अतिसारावरच्या कर्पूररसासारख्या जुन्या कल्पात ती घटक म्हणून येते. गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना निजवण्यासाठी बाळगोळी देत, तीही अफूचीच. तिनं मूल झोपायचं, पण अफू तान्ह्याच्या श्वासाला आणि पोटाला किती घातक असते याची कल्पना त्या कष्टकरी बायांना कुणी दिली नव्हती. मेंदूला न झोपवता फक्त आतड्याला थांबवणारं द्रव्य मिळावं, ही गरज बेल्जियममधल्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेनं पुरी केली. तिथे १९५६ साली डायफेनॉक्सिलेट आणि १९६९ साली लोपेरामाइड तयार झालं. लोपेरामाइड रीतसर ओपिऑइड आहे, आतड्यातल्या त्याच रिसेप्टरना चिकटतं. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन पंपासारखं बसलेलं असतं आणि ते लोपेरामाइडला आत येऊ देत नाही. नेहमीच्या मात्रेत त्यानं गुंगी येत नाही ती यामुळे. हे औषध जपून वापरावं. ताप आणि रक्ताचे जुलाब असतील तर आतडं थांबवणं धोक्याचं, लहान मुलांना ते स्वतःच्या मनानं देऊ नये, आणि मात्रा फार वाढली तर हृदयाची लय बिघडते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ साली दिला आहे.

जठर उशिरा रिकामं होण्याचा आणखी एक परिणाम आहे, ज्याकडे फारसं कुणी पाहत नाही. बहुतेक गोळ्या जठरात शोषल्या जात नाहीत, लहान आतड्यात शोषल्या जातात. जठरानं पुढे सोडलंच नाही तर गोळी पोटात असूनही रक्तात येत नाही. एडिंबरामधल्या संशोधकांनी १९७५ साली निरोगी स्वयंसेवकांना पेथिडिन आणि डायमॉर्फिन ही ओपिऑइड देऊन हे दाखवलं, नंतर घेतलेलं पॅरासिटामॉल त्यांच्या रक्तात फार उशिरा आणि कमी प्रमाणात आलं. हृदयविकाराच्या झटक्यात तर हे जिवावरचं ठरू शकतं. छातीतल्या कळेसाठी मॉर्फिन दिलं असेल, तर रक्ताची गुठळी रोखणारी टिकॅग्रेलॉरची गोळी उशिरा लागू पडते, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही याची काळजी असते. रुग्ण सहा-आठ तास उपाशी असला तरी ओपिऑइडमुळे त्याच्या जठरात अन्न शिल्लक असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तातडीच्या शस्त्रक्रियेआधी कुठली वेदनाशामकं चालू आहेत हे न विचारताही सांगावं ते याचसाठी.

मळमळीचं थोडं वेगळं आहे. ती काही अंशी तुंबलेल्या जठरामुळे होते आणि काही अंशी मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतना मिळाल्यामुळे. बहुतेकांची मळमळ आठवड्याभरात ओसरते. गुंगीही ओसरते. शरीर औषधाला सरावतं. मोठं आतडं मात्र सरावत नाही, किंवा इतकं थोडं सरावतं की त्यावर विसंबता येत नाही. ‘थोडे दिवस काढा, सवय होईल’ हे मळमळीबद्दल म्हणता येतं, बद्धकोष्ठाबद्दल म्हणता येत नाही. औषध आहे तोवर हा त्रास आहे, हे धरूनच चालायला हवं.

म्हणून वेदना आणि उपशामक उपचारांतले डॉक्टर मॉर्फिनच्या पहिल्या चिठ्ठीवरच रेचक लिहितात. पोट बंद होण्याची वाट पाहत नाहीत. यात दोन प्रकार कामाचे. सोनामुखी किंवा बिसाकोडिल आतड्याच्या मज्जातंतूंना आणि स्नायूंना चेतवतात. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल मळात पाणी धरून ठेवतात. अनेकदा दोन्हींची जोड लागते. आपल्या घरोघरी पहिला हात जातो तो इसबगोलाकडे, आणि एरवी तो चांगला उपायही आहे. इथे मात्र तो टाळावा. इसबगोल मळाचं आकारमान वाढवतो आणि ताणलेल्या भिंतीनं लाट उठवावी अशी त्याची अपेक्षा असते. ओपिऑइडनं ती लाटच अडवलेली असते. त्यातून अशक्त रुग्ण पाणी कमी पीत असेल तर तो फुगलेला गोळा आतच अडकून बसू शकतो.

दुसरी एक फसगत म्हाताऱ्या रुग्णांच्या बाबतीत फार होते. आठवडाभर पोट साफ नसतं आणि एकाएकी पातळ शौच सुरू होतं, कपडे खराब होऊ लागतात. घरचे घाबरून रेचक बंद करतात, वर जुलाब थांबायची गोळी देतात. प्रत्यक्षात गुदाशयात मळाचा घट्ट गोळा अडकलेला असतो आणि वरचं पातळ द्रव त्याच्या कडेनं वाट काढत असतं. जुलाबाची गोळी द्यायच्या आधी नर्सनं किंवा डॉक्टरांनी बोटानं तपासणं हाच खरा उपाय. पोट फुगत चाललंय, उलट्या होताहेत, वारासुद्धा सरत नाही, अशी स्थिती असेल तर घरी काहीच देऊ नये, एरंडेल तर नाहीच. सरळ रुग्णालय गाठावं.

शुश्रूषेतल्या साध्या गोष्टींनाही मोल आहे. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर मोठ्या आतड्यात नैसर्गिक चेतना येते, तीच वेळ बसवण्यासाठी निवडावी. बेडपॅनवर आडवं पडून जोर लावता येत नाही, शक्य असेल तर कमोडच्या खुर्चीवर बसवावं, पायाखाली पाट द्यावा आणि दार लोटून घ्यावं. आयुष्यभर आब राखून राहिलेल्या माणसाला चारचौघांत हे जमत नाही.

साध्या रेचकांनी भागलं नाही तर पुढची औषधं आहेत, आणि त्यांच्यामागे एक मित्र आहे. शिकागो विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ लिऑन गोल्डबर्ग यांच्या मित्राला कॅन्सर झाला होता आणि तो हाडांपर्यंत गेला होता. वेदना भयंकर होत्या, तरी मित्र मॉर्फिन नको म्हणत होता, कारण बद्धकोष्ठ त्याला सहन होत नव्हतं. १९७९ साली गोल्डबर्ग यांनी या प्रश्नाला हात घातला. नालट्रेक्झोन हे मॉर्फिनला रिसेप्टरवरून हुसकावणारं औषध आधीपासून होतं, पण ते मेंदूतही शिरतं आणि वेदनाशमनच घालवतं. त्याच्या रेणूवर एक मिथाइल गट जास्त असला तर रेणूवर कायमचा विद्युतभार येतो आणि मेंदूभोवतीची रक्तवाहिन्यांची स्निग्ध भिंत त्याला सहजी ओलांडता येत नाही. मॉर्फिन मेंदूत आपलं काम करत राहतं आणि आतड्यातून मात्र हटवलं जातं. हे मिथाइलनालट्रेक्झोन अमेरिकेत मंजूर व्हायला २००८ साल उजाडलं. गोल्डबर्ग १९८९ सालीच गेले होते. याच तत्त्वावरचं नालॉक्सेगोल २०१४ साली आलं. आतड्यात अडथळा किंवा छिद्राचा संशय असेल तर ही औषधं देत नाहीत.

त्या मित्राचा निर्णय आजही अनेक घरांत घेतला जातो, न बोलता. पोट साफ होत नाही म्हणून रुग्ण मॉर्फिनची एखादी गोळी उशाखाली सरकवतो, दुपारची चुकवतो, मग रात्रीची. डॉक्टरांना वाटतं, औषध लागू पडत नाही. आपल्या देशात मॉर्फिन मिळणंच किती कठीण होतं ते आठवलं की याचं जास्त वाईट वाटतं. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्यांची इतकी गुंतागुंत केली की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं, आणि २०१४ च्या दुरुस्तीनं ती वाट थोडी सोपी झाली. एवढ्या मुश्किलीनं हाती आलेलं औषध, वेळेवर रेचक लिहिलं नाही म्हणून वाया जाऊ नये.

तेव्हा तुमच्या घरात कुणालाही मॉर्फिन, ट्रॅमाडोल, कोडीन किंवा फेंटानिलचा पॅच लिहून दिला, तर दवाखान्यातून उठण्याआधी विचारा, ‘पोटासाठी काय देताय?’ घरी कॅलेंडरवर रोज एक खूण करा, झाली की नाही झाली. तीन दिवस कोरे गेले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा, आणि दुखण्याची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.